बाळाची कॉट : आईच्या हाताच्या अंतरावर

घरात नवा पाहुणा येणार अशी खबर आली की पहिली चर्चा नावाची, दुसरी अकीक्याची आणि हल्ली तिसरी कॉटची. पूर्वी ही तिसरी चर्चा नव्हती. माळ्यावरचा पाळणा उतरवून, धुऊनपुसून उन्हात ठेवला जायचा, नाहीतर नानीच्या जुन्या सुती साडीची झोळी छताच्या कडीला बांधली जायची. रात्री बाळ आईच्या कुशीत. आता मुलींना मोबाइलवर चित्रे दिसतात : आईच्या पलंगाला लागून उभी असलेली छोटी कॉट, तिची एक बाजू खाली सोडलेली, आई पडल्या पडल्या हात लांबवून बाळाला थोपटते आहे. मुली आम्हाला विचारतात, "खाला, ही घ्यावी का?" आणि दादीजान आतून म्हणतात, "आमची सहा मुले काय कॉटमध्ये वाढली?"

दोघींच्या बोलण्यात दम आहे. म्हणून कॉट कोणत्या रंगाची घ्यावी यापेक्षा ती नेमकी कशासाठी असते, हे आधी पाहू.

नुकते जन्मलेले बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. त्यातल्या तीन-चार वेळा तरी रात्रीच्या. प्रत्येक वेळी आईने उठायचे, चार पावले चालायचे, वाकून बाळ उचलायचे, पाजायचे आणि पुन्हा नेऊन ठेवायचे. सिझेरियन झाले असेल तर टाक्यांवर ताण देऊन वाकणे किती जीवघेणे असते, हे ज्या बायकांनी सोसले त्यांनाच विचारा. ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या रुग्णालयात संशोधकांनी बाळंतिणींचे गट पाडून हे तपासले होते. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात, आईच्या पलंगाला जोडलेल्या कॉटमधली बाळे वेगळ्या सुट्या कॉटमधल्या बाळांपेक्षा जास्त वेळा दूध पिताना दिसली. मात्र पुढे बाराशेच्या आसपास कुटुंबांवर मोठा अभ्यास झाला, तेव्हा अशा कॉटमुळे स्तनपान अधिक महिने टिकते असे काही आढळले नाही. म्हणजे कॉट ही जादू नव्हे. ती आईची रात्रीची धावपळ कमी करते, इतकेच. पण 'इतकेच' हे पुरुषमंडळींनी म्हणू नये.

मग बाळ सरळ आईजवळ पलंगावरच का नको? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले. पण दादीजानच्या वेळची बाज आणि आजचा पलंग यांत फरक पडला आहे. सुंभाची किंवा नवारीची बाज, वर पातळ गोधडी, आणि घरात रात्री जागायला नणंद, जाऊ, सासू अशा चार बायका. आज फोमची जाड, दबणारी गादी, वर गुबगुबीत रजई, दोन मोठ्या उशा, आणि तीन रात्री न झोपलेली एकटी आई. मऊ गादीत बाळाचे तोंड रुतले तर मान वळवण्याची ताकद त्याच्यात नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सूचना नव्याने काढल्या, त्यांत पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावे असे सांगितले आहे.

याला विरोध करणारेही जाणते लोक आहेत. जेम्स मॅकेना नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचे आयुष्य आई-बाळाच्या झोपेचा अभ्यास करण्यात गेले. दूध पाजणारी आई आणि बाळ यांची शेजारची झोप ही माणसाची मूळची रीत आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटते, आणि म्हणूनच ही जोडकॉट आम्हाला बरी वाटते : जवळीक आईच्या कुशीची, जागा मात्र बाळाची स्वतःची. पण बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मले असेल, वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल किंवा आईला गुंगी आणणारे औषध चालू असेल, तर एका अंथरुणाचा हट्ट कोणीही धरू नये. आणि सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणे हे सगळ्यांत वाईट. बाळाचे अब्बा टीव्हीसमोर नेमके हेच करतात, त्यांनाही हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता घरोघरच्या भांडणाचा मुद्दा. बाळाला पाठीवर निजवावे की कुशीवर? मोठ्या बायकांचे मत ठाम असते : पाठीवर ठेवले तर दूध उलटून घशात अडकेल. ही भीती मायेपोटी आहे, तिची चेष्टा करू नये, समजावून सांगावे. बाळ पाठीवर असते तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेले दूध वजनाने पुन्हा खाली, अन्ननलिकेकडेच जाते. पालथे घातले की उलट होते, श्वासनलिका खाली येते. अमेरिकेत १९९४ पासून 'बाळाला पाठीवर निजवा' अशी मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आले. ब्रिटनमध्ये अशी मोहीम १९९१ सालीच सुरू झाली होती. हे आकडे सांगितले की दादीजान क्षणभर गप्प बसतात आणि मग विचारतात, "मग डोके चपटे होईल त्याचे काय?" त्याचे उत्तर असे की बाळ जागे असताना, आपण समोर बसलेले असताना, त्याला रोज थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. मानही बळकट होते. हे काम दादीजानकडेच सोपवावे. त्या ते आपल्यापेक्षा नेटाने करतात.

खरेदीकडे वळू. दुकानात जाण्याआधी घरी जाऊन पलंग मोजा. या कॉटला पलंगाच्या खाली सरकणारे पाय असतात, आणि तेच पाय तिला तोलून धरतात. आपल्या बहुतेक घरांत बॉक्सचा पलंग असतो, खाली रजया आणि जुनी भांडी भरलेली. त्याखाली पाय जाणार कुठून? मग कॉट पलंगापासून चार बोटे दूर उभी राहते, आणि ती चार बोटेच घातक. पलंगाची गादी आणि कॉटची गादी यांच्यात फट राहता कामा नये. बाळ सरकत सरकत त्या फटीत जाते. काही जण तिथे उशी किंवा चादरीची गुंडाळी कोंबतात, ते मुळीच नको. कॉटचे पट्टे पलंगाच्या चौकटीला बांधता आले पाहिजेत, आणि दोन्ही गाद्यांची उंची जुळली पाहिजे. हे जमत नसेल तर कॉटची चौथी बाजू वर करून ती पलंगाशेजारी सुटी उभी करावी. आई उठून बसली की हात पोहोचतो, तेवढे पुरे.

आणखी एक : पहिले बाळंतपण माहेरी. कॉट नानीच्या घरच्या पलंगाच्या मापाने येते, आणि चाळीस दिवसांनी सासरी जाते तेव्हा तिथला पलंग एक वीत उंच निघतो. दोन्हीकडचे पलंग मोजा. उंची कमीजास्त होणारी कॉट घ्या. ती लावताना पलंगाच्या उशाकडे सरकवून लावा, म्हणजे पायाकडून उतरायला बाळंतिणीला वाट राहते. आणि ती उतरली की कॉटची बाजू वर.

गादी कडक आणि सपाट हवी. बोटाने दाबली तर लगेच पूर्ववत झाली पाहिजे, बाळाच्या डोक्याचा खळगा पडता कामा नये. दुकानदार एका बाजूने उंच होणारी कॉट दाखवून म्हणतो, दूध उलटणार नाही. नको. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. दहा अंशांहून जास्त उताराची बाळाच्या झोपेची साधने आणि कॉटच्या आत बांधायचे गुबगुबीत कठडे या दोन्हींची विक्री अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने बंद केली. आपल्या बाजारात दोन्ही अजून मिळतात, गोड गोड चित्रांसकट. झोळीलाही हाच न्याय लावावा लागेल. दिवसा कोणी डोळ्यासमोर बसले असेल तर ठीक, रात्रभर मात्र नाही.

घरातले सगळे जमिनीवर गादी घालून झोपत असतील तर असल्या कॉटचा काहीच उपयोग नाही, आणि कोणी ती घ्यायला लावत असेल तर ऐकू नका. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी यावर सुंदर तोड काढली. ते हरकेकेच्या, म्हणजे तिथल्या एका झाडाच्या लांब पात्यांची, सपाट बुडाची टोपली विणतात, तिला 'वाहाकुरा' म्हणतात. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची, बाळ तिच्यात. आईजवळही आणि आपल्या जागेतही. फिनलंडचे सरकार तर १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना बाळाचे कपडे भरलेला पुठ्ठ्याचा खोका देते. तळाशी छोटी गादी असते, आणि किती तरी बाळे पहिले महिने त्याच खोक्यात झोपली. आपल्याकडे आईच्या गादीला लागून बाळाची वेगळी, कडक, लहान गादी घातली आणि वर छत्रीसारखी मच्छरदाणी उघडली तर फार काही बाकी राहत नाही.

खरे काम यापुढे आहे : ती जागा रिकामी ठेवणे. अकीक्याला येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी मऊ आणतो. दुलई, लोकरीची शाल, कापसाचे अस्वल, आणि मामीने शिवलेला राईचा तक्या. सगळे प्रेमाचे, पण कॉटमध्ये त्यातले काहीही जाऊ नये. घट्ट ताणलेली एक चादर आणि बाळ, बस्स. टोपडेही झोपताना घरात नको. ते डोळ्यांवर, मग नाकावर सरकते, आणि बाळ तापते. कमी वजनाच्या बाळासाठी डॉक्टरांनी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. ताविजाचा काळा दोरा गळ्यात असेल तर निजवताना काढून ठेवा. गळ्यात अडकणारा दोरा, मग तो कोणत्याही श्रद्धेने बांधलेला असो, बाळाला फास ठरू शकतो. लोबानची धुरी द्यायची तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्या आणि खिडक्या उघडा. बाळंतिणीला शेक द्यायची कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्री ठेवणे तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. त्या वायूला वासही नसतो.

घरातला जुना पाळणा वापरायचाच असेल तर दोन गोष्टी पाहा. दोन दांड्यांमधले अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. शीतपेयाचा डबा मधून आरपार गेला तर बाळाचे अंग जाऊन डोके अडकू शकते. आणि रंग. जुन्या तैलरंगात शिसे असायचे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. दात येताना बाळ तीच दांडी चघळणार आहे. सुताराकडून नवी कॉट करून घेतली तरी दांड्यांचे माप त्याला कागदावर लिहून द्या. आमच्या ओळखीचे सुतार अंदाजाने काम करतात, आणि अंदाज दरवाजाला चालतो.

जोडकॉट फार दिवसांची सोबती नाही. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर जोर देऊन उठू पाहू लागले, साधारण पाच-सहा महिन्यांत, की ती थांबवायची आणि उंच कठड्याची मोठी कॉट किंवा जमिनीवरची गादी घ्यायची. एवढ्या थोड्या दिवसांसाठी पगाराचा मोठा वाटा घालवू नका. दोन बहिणींनी, दोन जावांनी मिळून एक घेतली तर उत्तम. पुढे देताना दबलेली गादी देऊ नका, त्याच मापाची नवी घ्यायला सांगा. पट्टे आणि स्क्रू मात्र मोजून एका पिशवीत घालून कॉटलाच बांधा. ते सुटे मिळत नाहीत, आणि मग घरचे लोक सुतळीने काम भागवतात.