गुलमोहराची हजामत

वैशाख लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी न चुकता येतात, वळीव आणि कोयतेवाले. वळीव निदान पोरांना गारा तरी वेचायला देतो.

यंदा आमच्या दारातल्या गुलमोहराची पाळी होती. झाड ऐन फुलावर, वरच्या बेचक्यात कावळीण बसलेली. "अरे बाळा, फुललंय की झाड!" म्हटलं. "काकू, पावसाच्या आधी हलकं करायला सांगितलंय. वायरला लागतंय न्हवं?" वायरला लागत होती एक फांदी. उतरल्या नऊ. त्याही कशा? वरून चार घाव घातले, फांदी वजनानं कलंडली आणि जाता जाता खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. आधी खालून खाच, मग जरा पुढं वरून काप, आणि उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा. एवढंच ते शास्त्र. त्या कड्यातूनच झाड जखम बुजवतं. पोरानं मात्र डांबर फासलं. त्यानं कूज थांबत नाही, हे अलेक्स शायगो या अमेरिकी वृक्षतज्ज्ञानं हजारो झाडं चिरून दाखवून कैक वर्षं झाली. पण पोराला काय बोलणार? त्याच्या हातात कोयता देणाऱ्यानं त्याला कधी साधी करवत दिलेली नाही.

बोडक्या खुंटातून आता काठ्यांसारखे फुटवे येतील, वरवर चिकटलेले. दोन-चार वर्षांनी एखाद्या वळवात त्यातला एक कुणाच्या तरी गाडीवर पडेल, की झाड 'धोकादायक' ठरून बुंध्यापासून साफ! 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात झाडाला कसलीही इजा करणं हे 'झाड तोडणं'च धरलंय. वाचतो कोण?

त्यावर सुशोभीकरण. खोडाला गेरू-चुन्याचा पट्टा आणि थेट सालीला टेकवलेले सिमेंटचे ब्लॉक. नाद खुळा! मे महिन्याच्या उन्हात टँकरवाला खोडावर पाइप धरतो आणि पाणी ब्लॉकवरून सरळ गटारात जातं. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली दूरवर पसरलेली असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आठवड्यातून एकदा तिथं खोलवर पाणी मुरवावं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं, फक्त खोडापासून वीतभर लांब. आमच्याकडं तो पाचोळा रोज सकाळी झाडाच्याच बुडाशी पेटवतात. कोपऱ्यावरचं ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल बरं का, त्याच धुरात फुललंय.

दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं 2013 सालीच दिला होता. कोल्हापूरला दिल्ली लांब पडते. म्हणून परवा पहार घेऊन दारातले सहा ब्लॉक मीच उचकटले. खालची माती विटेसारखी कडक. दोन घागरी ओतल्या, गटगट प्यायली.

संध्याकाळी कॉलनीतली चार माणसं दारात हजर. फुटपाथ विद्रूप केला म्हणे.