न दाखवलेलं गाव



"एवढे डॉलर मोजले आणि गावच दाखवलं नाही? मग बघितलंत तरी काय?" अमेरिकेहून परतल्यावर आमच्या नणंदबाईंचा हा पहिला प्रश्न. तेव्हा मी कणीक मळत होते, हसून वेळ मारून नेली. उत्तर आज लिहिते.

माझ्या साठीचं निमित्त करून मुलगा-सून मला हवाईला घेऊन गेले. तिथल्या कवाई बेटाच्या पश्चिमेला साधारण २८ किलोमीटरवर निहाऊ नावाचं बेट आहे. १८६४ मध्ये एलिझाबेथ सिंक्लेअर नावाच्या बाईंनी ते हवाईच्या राजाकडून १०,००० डॉलरला विकत घेतलं. आजही ते त्यांच्याच वंशजांच्या मालकीचं आहे. गावाचं नाव पुउवाई, म्हणजे हृदय. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या बेटावर ८४ माणसं. घरात हवाईची जुनी भाषा बोलतात, पावसाचं पाणी साठवून वापरतात. डांबरी रस्ता नाही, दुकान नाही. बोलावणं असल्याशिवाय बाहेरच्या माणसाला गावात जाता येत नाही.

मग हेलिकॉप्टर कशाला? तर ते मुळात आजारी माणसाला कवाईच्या दवाखान्यात न्यायला ठेवलेलं. त्याचा खर्च निघावा म्हणून आमच्यासारख्यांची फेरी. हे कळल्यावर पैशाची टोचणी जरा कमी झाली, खोटं कशाला बोलू!

वरून पूर्वेचे उभे कडे दिसले, खाली निळं पाणी, आत पिवळी कोरडी जमीन. बेटाभोवती फिरताना गाव मात्र टाळतात. एका निर्मनुष्य किनाऱ्यावर उतरवलं. मी दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून नेली होती, ती वाळूत बसून खाल्ली. लांबवर एक सील पसरलं होतं. जवळ जायचं नाही, अशी ताकीद आधीच मिळाली होती. नातू म्हणाला, "आजी, ते पण सामायिकाला बसलंय." दोन-तीन तास तेवढंच.

आणि मला तेच पटलं. आपल्याला पैसे दिले की दार उघडलंच पाहिजे असं वाटायला लागलंय. कुणाच्या वास्तूला गेलो तरी बेडरूमपर्यंत फोटो काढत फिरतो. पर्यटकांच्या गाड्या थांबतात त्या पाड्यांवर बायका भाकरी थापत असताना त्यांना न विचारता मोबाईल पुढे करतो. निहाऊच्या बायकांचं अंगण, वाळत घातलेले कपडे मी पाहिले नाहीत. त्यात माझं काय गेलं?

श्रावकाच्या बारा व्रतांतलं दिग्व्रत आपल्याला पाठ असतं. दहा दिशांची मर्यादा, त्यात वर आणि खालीही आलं. आकाशात बसल्यावर ते फार आठवलं. फक्त आपली मर्यादा आपण स्वतः घालून घेतो आणि इथे ती मालकांनी घातलेली. त्या ८४ जणांना नेमकं काय वाटतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि हेलिकॉप्टरमध्ये बसून ते कळणारही नव्हतं. एका कुटुंबाने सगळ्या बेटाचं ठरवावं, हे मला तितकंसं रुचत नाही. तरीही पाहुण्यांनी सगळं उघडं पाडण्यापेक्षा हे बरं.

खरी बोच वेगळीच आहे. परत आल्यावर मुलाने वाचून दाखवलं की त्याच बेटावर पैसे घेऊन रानडुकरांची आणि रानटी मेंढ्यांची शिकारही करू देतात. ज्या वाळूवर मी दशमी खाल्ली, त्याच मातीत. आधी विचारलं असतं तर कळलं असतं. अनोळखी घरात पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी गाळलंय का विचारतो, इथे चौकशीच केली नाही. ही चूक माझी.

सूनबाईने परवा विचारलं, पुढच्या वर्षी तिच्या आई-वडिलांसाठी हीच फेरी ठरवू का? मी म्हटलं, "शिकारीचं आधी सांग त्यांना. आणि गाव दिसणार नाही हेही सांग, पण ते तक्रारीच्या सुरात नको."