जागा नको असेल तर तसं कळवा



या पानावर आपण जुन्या आठवणी लिहितो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, बेळगावच्या गल्ल्या, छडीवाले मास्तर. आज आठवण थोडी आणि मत जास्त आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा.

विषय आहे पाचवी संपवून सहावीला सरकारी निवासी शाळेत जाणाऱ्या पोरांचा. त्यातही ज्यांचं नाव पहिल्या यादीत येत नाही, ‘वेटिंग’ला येतं, त्यांचा.

आमच्या लहानपणी हा प्रकार नव्हता. वडिलांनी दाखला घेऊन हायस्कूलच्या हेडमास्तरांपुढं उभं केलं की नाव पटावर. पण म्हणून ‘आमच्या वेळी सोपं होतं’ असं मी म्हणणार नाही. हायस्कूलपर्यंत पोचणारी पोरंच कमी. विडी वळणाऱ्या घरातल्या मुली तर चौथीनंतर शाळेत दिसायच्याच नाहीत, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दिसायच्या. त्याच घरांतल्या नाती आज नवोदयची परीक्षा देतात आणि पास होतात. मला याचा फार आनंद आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं लिहितोय.

आपल्या बेळगाव जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे. सहावीला 80 जागा. त्यातल्या निदान 75 टक्के, म्हणजे 60, खेड्यातल्या मुलांच्या. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींच्या. शिवाय अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांचं आरक्षण. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं फुकट. नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण, आणि कर्नाटकात ती मराठीतूनही देता येते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर होती. एवढ्या जिल्ह्याला 80 जागा! आणि एका मुलाला सहावीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुढं नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण त्या जागा किती निघतील ते कुणाच्या हातात नसतं.

2025 च्या प्रवेशाची परीक्षा 18 जानेवारीला झाली, निकाल मार्चअखेर लागला. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता उघडतात. मधले दोन महिने आणि पुढचे काही आठवडे वेटिंगवाल्या घरात काय चालतं ते मी जवळून बघितलंय. फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळच झोपायचं. अनोळखी नंबर आला की हात थरथरतो, आणि पलीकडून कोणतरी कर्ज घ्या म्हणत असतं.

आता गंमत बघा. हुशार पोरगं एकाच परीक्षेला बसत नाही. नवोदय देतं, मोरारजी देसाई निवासी शाळेची परीक्षा देतं, विजापूरच्या सैनिक शाळेसाठी देतं, बेळगावच्या मिलिटरी स्कूलची देतं. पालकांचं यात काही चूक नाही, मीही तेच केलं असतं. पण चार परीक्षा घेणाऱ्या चार वेगळ्या यंत्रणा. एकीला दुसरीचं काही माहीत नाही. तेच एक नाव दोन-तीन याद्यांत वर लागतं. पोरगं शेवटी एकाच शाळेत जाणार, उरलेल्या जागा त्याच्या नावानं अडकून राहणार, आणि त्या प्रत्येक जागेमागं एक पोर फोनकडं बघत बसणार.

मागं एकदा आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या नातीचं नाव नवोदयच्या वेटिंगला होतं. आजी आयुष्यभर विड्या वळत आली, आई अजून वळते. त्याच सुमारास माझे एक जुने खातेदार भेटले, पलीकडच्या गावचे, ऊसवाले, माणूस सज्जन. त्यांच्या नातवाला नवोदयही लागलं होतं आणि दुसरी एक निवासी शाळाही. दुसऱ्या शाळेत ट्रंक-गादीसकट पोचवून आले होते. मी विचारलं, “मग नवोदयला नको म्हणून कळवलं का?”

“कशाला साहेब? नाही गेलो की कळंल त्यांचं त्यांना. आणि पोराचं मन तिकडं रमलं नाही तर? हातात एक असू दे की.”

मंडळी, मला राग आला नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर पहिल्यांदा घर सोडतं, आज्याला वाटणारच. पण मी त्यांना आमच्या गल्लीतल्या मुलीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “असं असतंय व्हय? मला वाटलं ती जागा रिकामी पडून ऱ्हाती.” दुसऱ्या दिवशी मुलाच्या बापाला पाठवून त्यांनी लेखी कळवलं.

त्या मुलीला जागा मिळाली का? नाही मिळाली. कारण वेटिंग ही एस.टी.च्या थांब्यावरची रांग नव्हे. पुढचा चढला की मागचा आपोआप पुढं सरकत नाही. जागा ज्या गटातली मोकळी होते त्याच गटातलं नाव वर येतं. ग्रामीणची ग्रामीणला, अनुसूचित जातीची अनुसूचित जातीला, मुलींचं प्रमाणही राखायचं. त्यामुळं नंबर जवळचा असून फोन येत नाही आणि लांबच्याला येतो. मग गावात बोलणं सुरू, ‘पैसे दिले असतील’. तसं काही नसतं, पण कुणाला का बोलावलं हे घरी बसून कळायची सोय नसेल तर लोक बोलणारच. यादीशेजारी गट आणि त्या गटात आज किती जागा मोकळ्या, एवढा एक रकाना दर आठवड्याला शाळेच्या फलकावर आणि नेटवर लावला तर निम्म्या अफवा बंद होतील. बँकेतही तेच. टोकन नंबर दिसत असला की माणूस तासभर शांत बसतो. दिसत नसला की दहा मिनिटांत काऊंटरवर हात आपटतो.

बँकेचं निघालंच आहे तर क्लिअरिंगचं सांगतो. पूर्वी गावातल्या सगळ्या बँकांची माणसं रोज ठरल्या वेळी एका ठिकाणी जमायची. तुमच्याकडं आलेले आमचे चेक, आमच्याकडं आलेले तुमचे चेक, देवाणघेवाण करून हिशोब त्याच दिवशी मिटवायचा. आणि एक कडक नियम: चेक परत करायचा असेल तर ठरल्या वेळेत परत करा. वेळ टळली की तो पास झाला असं धरणार. नंतर सबब चालायची नाही. या एका नियमावर कोट्यवधींचे व्यवहार चालायचे, कारण गप्प बसण्याचाही अर्थ आधी ठरलेला होता.

शाळांच्या याद्यांना असलं क्लिअरिंग हाऊस नाही. चारही यंत्रणांनी आपापल्या निवडीची नावं ताडून बघितली आणि पालकाकडून ‘यातली कुठली घेणार’ हे ठरल्या तारखेपर्यंत लेखी घेतलं, तर प्रश्न बराच सुटेल. संगणकाच्या काळात हे अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

आपल्या शेजारी उदाहरण आहे. निपाणीची पोरं दहावीनंतर कागल-कोल्हापूरला जातात हे काही नवीन नाही. आमचं देवचंद कॉलेजच बघा, घरं कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. त्या महाराष्ट्रात 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. पहिल्या वर्षी वेबसाइट अडकली, यादी लांबली, लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, ते सगळं खरं. पण त्यातली एक गोष्ट मला पटते. पसंतीची दहा कॉलेजं भरा, एका वेळी मिळणार एकच, आणि पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव नाही. म्हणजे एका पोराच्या नावावर दोन जागा अडकत नाहीत. तिकडं इंग्लंडात सरकारी माध्यमिक शाळांचं असंच आहे. 1 मार्चच्या सुमारास प्रत्येक घराला एकच शाळा कळवतात, वेटिंगची यादी निदान 31 डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते, आणि त्या यादीत तुमचं नाव खालीसुद्धा जाऊ शकतं, कारण क्रम आधी आला त्याला आधी असा नसतो, नियमांप्रमाणं असतो. पण ते नियम आधी छापलेले असतात.

आता यावर आक्षेप येणार, आणि तो मी स्वतःच घेतो. ‘तारखेपर्यंत कळवलं नाही तर जागा गेली’ असा क्लिअरिंगचा नियम इथं सरळ लावला तर मरणार कोण? ऊसतोडीला गेलेलं कुटुंब. ज्यांचा फोन रिचार्ज संपलाय ते. ऊसवाल्या आज्याला काही होणार नाही, त्याच्याकडं तीन फोन आहेत. म्हणून माझं म्हणणं असं, की हो किंवा नाही हे पाचवीच्या शाळेच्या हेडमास्तरांमार्फत घ्यावं. नवोदयच्या फॉर्मला तसाही त्यांचा सही-शिक्क्याचा दाखला लागतोच. कुठल्या पोराचे आई-बाप कुठं गेलेत हे मास्तरांना माहीत असतं. ‘पालकांना समक्ष सांगितलं’ अशी त्यांची सही आल्याशिवाय जागा रद्द होऊ नये. मास्तरांवर आणखी एक काम टाकतोय हे मला कळतं. जनगणना, निवडणूक, अंडी-केळी वाटप एवढं सगळं ते करतात, त्यात हे काम निदान शिक्षणाचं आहे.

सीमाभागातल्या लोकांनी अजून एक गोष्ट कान देऊन ऐकावी. कोल्हापूर जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे, आपलं कोथळीला. दोन्ही आपल्याला जवळच. पण नियम असा, की ज्या जिल्ह्यातलं नवोदय हवं त्याच जिल्ह्यात मूल राहतं पण असलं पाहिजे आणि पाचवीला त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत पण असलं पाहिजे. आपल्याकडं कितीतरी घरांत राहणं निपाणी तालुक्यात आणि पोराची शाळा पलीकडं महाराष्ट्रात. असं मूल इकडच्या नवोदयला चालत नाही, तिकडच्याही नाही. 1956 सालच्या रेषेचा हिशोब मोठी माणसं अजून कोर्टात मांडतायत, पोराचा मात्र फॉर्म भरायच्या वेळीच लागतो. तेव्हा मुलाला नवोदयला बसवायचं मनात असेल तर चौथीतच विचार करा. ग्रामीण जागेसाठी तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली लागतात. दाखल्यांचंही तसंच. राज्याच्या यादीतला मागासवर्गाचा दाखला वेगळा आणि केंद्राच्या यादीतला ओबीसी दाखला वेगळा. नवोदयला केंद्राचा चालतो. नाडकचेरीत मार्चमध्येच अर्ज टाका. वेटिंगचा फोन आल्यावर धावाधाव करून कागद मिळत नाही.

आणि वेटिंगवर असताना पोराला घरी बसवू नका. आपल्याकडं बहुतेक मराठी शाळा सातवीपर्यंत आहेत, तिथं सहावीत बसू दे. नवोदयचा फोन आला तर दाखला काढता येतो. गावात पाचवीपर्यंतच शाळा असेल तर खरी अडचण, कारण पुढची खासगी शाळा फी आधी मागते. गल्लीतल्या त्या मुलीच्या आईनं अशाच एका शाळेत आगाऊ पैसे भरायची तयारी केली होती, बचत गटातून उचल घेऊन. मी थांबवलं आणि आधी पैसे परत मिळायची अट लेखी मागायला लावली. शाळेनं अट लिहून दिली नाही. मग तिनं पैसेही भरले नाहीत. मुलगी आता शेजारच्या गावच्या सरकारी शाळेत जाते, सायकलनं. नववीच्या परीक्षेचं तिनंच मला विचारलंय.

हे वाचणाऱ्यांत असे आई-बाप, आज्जा-आज्जी असतील ज्यांच्या पोराला दोन ठिकाणी लागलंय. ज्या शाळेत जायचं नाही तिथं साध्या कागदावर दोन ओळी लिहा. मुलाचं नाव, रोल नंबर, निवडीचा गट, ‘आम्हाला ही जागा नको, पुढच्या मुलाला द्यावी’, आई-वडील दोघांच्या सह्या, तारीख. समक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का मारून. मसुदा हवा असेल तर मला सांगा. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिहून ठेवलाय.