पाचव्या वर्षी मूल कसं बोलतं, ते मोजा

ओठ दुभंगलेल्या बाळाचा शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापले, की पाहणाऱ्याला वाटतं, प्रश्न मिटला. याच विषयावरच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं आणि देशभर हा विषय पोहोचला. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हा आईवर येणारा क्रूर ठपकाही त्यामुळे थोडा सैल झाला असेल. खरं तर ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत आणि टाळू साधारण तिसऱ्या महिन्याअखेर. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. भारतात सातशे-आठशे जन्मांमागे एक, म्हणजे वर्षाला तीस हजारांच्या आसपास बाळं अशी जन्मतात. त्यांच्यासाठी आपण जी व्यवस्था उभी केली, ती मात्र अजून त्या दोन फोटोंच्या हिशोबानं चालते. किती शस्त्रक्रिया झाल्या, हे मोजलं जातं. मोजायला हवं ते वेगळंच: पाचव्या वर्षी मूल शाळेच्या उंबऱ्यावर उभं राहतं तेव्हा त्याचं बोलणं अनोळखी माणसाला कळतं का?

ओठ दिसतो, टाळू दिसत नाही. आणि खरी गुंतागुंत टाळूतच आहे. जन्मल्यावर बॅटरी मारून तोंडात पाहिलं नाही, तर नुसती दुभंगलेली टाळू सुटूनही जाते. अशा बाळाला ओढून दूध पिता येत नाही, कारण तोंडात ओढ तयार होत नाही. म्हणून त्याला बसतं धरून, बोंडल्यानं, वाटी-चमच्यानं किंवा दाबता येणाऱ्या बाटलीनं पाजावं लागतं, आणि हे आईला पहिल्या एक-दोन दिवसांतच कुणी तरी शिकवावं लागतं. नाही तर वजन वाढत नाही आणि वजनाअभावी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात. ते जागेवर नसल्यानं पडद्यामागे पाणी साचतं आणि बोलायला शिकण्याच्या नेमक्या वयात ऐकू कमी येतं. शिवाय बोलताना मऊ टाळूनं नाकाची वाट बंद केली नाही, तर प, ब, ट, क, स यांना लागणारा दाब तोंडात टिकत नाही. हवा नाकातून निसटते, ‘पपा’ म्हणायला गेलेलं मूल ‘ममा’ म्हणतं, आणि क-ग घशातच अडवून काढण्याची सवय लागते. ही सवय एकदा पक्की झाली की नंतर टाळू कितीही चांगली शिवा, ती आपोआप जात नाही. तिथे वाचा उपचारच लागतात, महिनोन्‌महिने. पुढे साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, हिरडीतल्या फटीत हाड भरावं लागतं, दात सरळ करावे लागतात, आणि काहींच्या जबड्यावर वाढ पूर्ण झाल्यावर आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे हा आजार एका दिवसाचा नाही, अठरा वर्षांचा आहे.

म्हणूनच ही कामं एकत्र बसून करणाऱ्या थोड्या, पण पक्क्या पथकांकडे सोपवावीत, असं मला ठामपणे वाटतं. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ब्रिटनचा आहे. तिथे १९९८ च्या अधिकृत पाहणीत दिसलं, की ५७ ठिकाणी या शस्त्रक्रिया होत होत्या, अनेक सर्जनांच्या वाट्याला वर्षाला मोजकीच बाळं येत होती आणि निकाल युरोपातल्या चांगल्या केंद्रांच्या मागे होते. केंद्रं ८ ते १५ वर आणा, अशी शिफारस झाली आणि विरोध पत्करून ती अमलात आली. पुढच्या पिढीतल्या पाच वर्षांच्या मुलांची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जबड्याच्या वाढीचे वाईट निकाल ३६ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आले होते, बोलणंही सुधारलं होतं. दात किडण्याचं प्रमाण मात्र घटलं नव्हतं. ही उणीव मला महत्त्वाची वाटते. मोठं केंद्र शस्त्रक्रिया सुधारतं; रोजची काळजी घराजवळच घ्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरच्या कुटुंबानं मुंबई-पुण्याला किती खेटे घालायचे? बुडणारी मजुरी कोण देणार? शिबिरं झाली म्हणूनच लाखो मुलांचे ओठ शिवले गेले, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण या आक्षेपातून निघतं ते इतकंच, की केंद्रानं प्रवासखर्च आणि राहण्याची सोय द्यावी आणि शस्त्रक्रियेखेरीजची कामं जिल्ह्यात व्हावीत. वाचा उपचार तर दूरच्या शहरात चालूच शकत नाहीत. ते दर आठवड्याला, मुलाच्या स्वतःच्या भाषेत, मराठी, अहिराणी, गोंडी जी असेल तीत, आणि आईच्या सहभागानंच होतात. दुसरा आक्षेप पैशाचा. एका सर्जनच्या पगारात जितके उपचारतज्ज्ञ नेमता येतील, त्याचा हिशोब केला तर हा खर्च शस्त्रक्रियेच्या मानानं जड नाही. आणि बोलणं न कळल्यानं शाळा सुटलेल्या मुलाची किंमत कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. तिसरं म्हणणं, उशिरा का होईना, शस्त्रक्रिया झाली ना? युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या साडेपाचशेवर बाळांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांमध्ये पाचव्या वर्षी नाकाची वाट नीट बंद होत नव्हती. बाराव्या महिन्यात शिवलेल्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. ही सुदृढ बाळं होती आणि तान्ह्यांच्या भुलीची चांगली सोय होती, त्यामुळे आपण घाईनं सहावा महिना धरू नये. पण सहा महिन्यांनी एवढा फरक पडत असेल, तर चार-पाच वर्षांनी शिबिरात येणाऱ्या मुलानं काय गमावलं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

नवीन योजना काढायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत, आशाताईंनी नवजात बाळ घरी जाऊन पाहायचं आहे आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-श्रवणतज्ज्ञाचं पद धरलेलं आहे. ते पद सगळीकडे भरावं. पैसे देणाऱ्या सरकारी योजनेनं आणि देणगीदार संस्थांनी शस्त्रक्रियेची रक्कम देताना कानाची तपासणी आणि वाचा उपचारांची नोंद मागावी. आणि कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षी जन्मलेली मुलं आता हाड भरण्याचं वय ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या किती जणांच्या हिरडीत हाड भरलं गेलं, किती जणांना वाचा उपचार मिळाले आणि किती जणांचं बोलणं वर्गात कळतं, हे प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य विभागानं जाहीर करावं.