रिमास्टर्ड आहे? मग जरा जपून ऐका!

एलपी असो की सीडी, कव्हरच्या कोपऱ्यात एक सोनेरी स्टिकर असतो: ‘डिजिटली रिमास्टर्ड’. हे दोन शब्द दिसले की किंमत वाढलेली असते आणि तरीही आपला हात पाकिटाकडे जातो. रिमास्टर्ड म्हणजे काहीतरी भारी, स्वच्छ, चकाचक. जुन्या वाड्याला नवा रंग काढल्यासारखं. आता रंग काढताना सागवानी दारावरही ऑइलपेंट फासलेला तुम्ही कधी पाहिला असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लगेच पटेल.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोथरूडमधल्या एका घरी आमचा अड्डा जमतो. सहा-सात वेडे, एक अॅम्प्लिफायर, दोन टर्नटेबल आणि भरपूर चहा. नियम एकच. महिन्याभरात जे विकत घेतलं ते आणायचं आणि किंमत खरी सांगायची. (म्हणजे घरी सांगितलेली नव्हे.) यजमान बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांच्याकडे ७८ आरपीएमच्या तबकड्यांची कपाटंच्या कपाटं. बाकी एक आयटीवाला, एक जॅझवेडी डेंटिस्ट, एक कॉलेजकुमार आणि असेच आणखी दोघं-तिघं. गेल्या वेळी हा कॉलेजकुमार हवेतच होता. सत्तरच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमाचं रिमास्टर्ड व्हर्जन त्याने घेतलं होतं. ‘काय सॉलिड पंच आहे! जुन्यात हे काहीच ऐकू येत नव्हतं,’ असं त्याचं चालू होतं. काका नुसतेच हसत होते. ते असं हसले की समजायचं, आज दुपारचं जेवण लांबणार.

आधी एक फंडा क्लिअर करू. ‘रीमिक्स’ म्हटलं की आपल्या पिढीला २००२चं ‘काँटा लगा’ आठवतं, पण इथे अर्थ वेगळा आहे. मिसळीचं उदाहरण घ्या. मटकी, कट, फरसाण, कांदा वेगवेगळ्या पातेल्यात ठेवलेत आणि तुम्ही नव्याने प्लेट लावताय, तर ते रीमिक्सिंग. गायकाचा ट्रॅक किती, ड्रम्स किती, व्हायोलिन्स डावीकडे की उजवीकडे, हे सगळं पुन्हा ठरतं. रिमास्टरिंगमध्ये प्लेट लागलेलीच असते. तुम्ही फक्त लिंबू पिळता, तिखट-मीठ अॅडजस्ट करता. मूळ मिक्सची टेप घ्यायची, ती चांगल्या मशीनवर वाजवायची, खरखर कमी करायची, खर्ज किंवा वरचे स्वर थोडे कमी-जास्त करायचे आणि एकूण आवाजाची पातळी ठरवायची. बस्स. २००९मध्ये बीटल्सचे आले ते रिमास्टर होते. अॅबी रोड स्टुडिओच्या इंजिनिअर्सनी त्यावर चार वर्षं घालवली. २०१७चा ‘सार्जंट पेपर’ मात्र जाइल्स मार्टिनने केलेला रीमिक्स. दुकानात दोन्ही एकाच रॅकवर शेजारी-शेजारी असतात आणि विकणाऱ्यालाही फरक ठाऊक असेलच असं नाही.

आता कॉलेजकुमाराचा ‘पंच’. तो बहुतेक वेळा येतो आवाजाच्या पातळीतून. आपला कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. दोन्ही गाणी तीच, फक्त एक किंचित मोठ्याने लावलं, तर दहातले आठ जण मोठ्याला मार्क देतात. रेकॉर्ड कंपन्यांना हे फार लवकर कळलं. नव्वदच्या दशकापासून सीडीवर आवाज ठासून भरायची चढाओढ लागली. हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग दाबायचे, म्हणजे सगळंच मोठं. गंमत बघा, सीडीमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबलपर्यंत ठेवता येतं. एलपीला एवढं कधीच जमलं नाही. म्हणजे थ्री बीएचके घ्यायचा आणि सगळं सामान हॉलमध्ये रचून राहायचं! २००८मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा चाहतेच चिडले, कारण त्याच गाण्यांचं ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधलं व्हर्जन सीडीपेक्षा मोकळं वाजत होतं.

काकांनी मग प्रयोग लावला. त्याच सिनेमाची जुनी एलपी त्यांच्याकडे होती. आयटीवाल्याने फोनवर साउंड मीटर उघडून दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. आम्हाला स्पीकरकडे पाठ करून बसवलं. एक गाणं, दोनदा. निकाल? पाचपैकी चौघांनी जुनी एलपी निवडली आणि त्या चौघांत खुद्द कॉलेजकुमार होता. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जुन्यात तबल्याची थाप पडायची आणि मग विरायची, मध्ये एक पोकळी असायची. नव्यात थाप आणि तिच्या मागची सतार एकाच उंचीच्या. खरखर गेली होती हे खरं, पण तिच्याबरोबर स्टुडिओची खोलीही गेली होती.

(प्रत्येक जुनी एलपी चांगली, असं मात्र समजू नका. एके काळी मोनो गाण्यांचा खर्ज एका बाजूला आणि वरचे स्वर दुसऱ्या बाजूला ढकलून ‘स्टिरिओ’ म्हणून विकायची फॅशन होती. तसल्या एलपी आजही बाजारात मिळतात. कव्हरच्या मागचं बारीक अक्षर वाचा.)

‘म्हणूनच मी शुद्ध अॅनालॉग घेतो,’ आयटीवाला म्हणाला आणि लगेच गप्प बसला. कारण २०२२चा किस्सा आम्ही सगळ्यांनी त्याला इतक्या वेळा ऐकवलाय. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ मास्टर टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध. त्यांनी मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती जाहीर केल्या, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. जाणकारांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या पद्धतीत एका साच्यातून मोजक्याच प्रती निघतात, मग एवढ्या प्रतींसाठी ती अनमोल टेप किती वेळा वाजवणार? शेवटी कंपनीच्याच इंजिनिअर्सनी कबूल केलं की अनेक एलपींमध्ये २०११पासून मध्ये एक डिजिटल पायरी आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

पण मला यातली मजेदार गोष्ट वेगळीच वाटते. जगभरचे ‘डिजिटल म्हणजे प्लास्टिक’ म्हणणारे तय्यार कान त्याच एलपी अकरा वर्षं ऐकत होते आणि वाहवा करत होते. आयटीवाल्याने त्याच्या प्रती विकल्या नाहीत. ‘वाजतात मस्त, मग का विकू?’ असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. राग यावा तो खोटं सांगितल्याचा. डिजिटल पायरीने आवाज बिघडत नाही, बिघडतो तो मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या निर्णयाने. किती खरखर काढायची, किती ठासायचं, कुठली टेप घ्यायची, ती किती वेगाने फिरवायची, हे सगळं तोच ठरवतो. आपण विकत घेतो ते त्याचं मत.

वेगाचं म्हणाल तर डेंटिस्टबाईंकडे त्याचं जबरी उदाहरण होतं. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. तिच्याकडे एक जुनी प्रत होतीच, ही नवी आणलेली. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्चच्या सेशनमध्ये रेकॉर्ड झाली आणि त्या दिवशी मास्टर टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. साहजिकच नेहमीच्या मशीनवर ती टेप थोडी जोरात फिरायची आणि सगळं थोडं चढं वाजायचं. जगातला सगळ्यात लाडका जॅझ अल्बम, पण अर्धा अल्बम सुराला चढा! १९९२मध्ये दुसऱ्या मशीनवरच्या जादा टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली. म्हणजे तोवर तेहतीस वर्षं जगभरची मुलं ट्रम्पेट घेऊन रेकॉर्डबरोबर वाजवायला बसायची आणि आपलंच वाद्य उतरलंय की काय म्हणून वैतागायची. तिने दोन्ही प्रती लागोपाठ लावल्या. फरक थोडासाच, पण एकदा कळला की विसरता येत नाही.

आणि इथे काका सरसावून बसले.

‘अगं, तुमच्याकडे निदान दुसरी टेप होती,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे काय आहे?’

७८ आरपीएमच्या सगळ्या तबकड्या ७८नेच फिरतात हा मोठा गैरसमज आहे. भारतात १९०२मध्ये गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं त्या काळात वेगाचं काही पक्कं नव्हतंच. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही असायचं. चावीच्या ग्रामोफोनवर कानाने ऐकून तो जुळवायचा. आता हिशोब करा. गायक काळी एकमध्ये गायलाय असं धरा. ती तबकडी ७८ऐवजी साधारण साडेत्र्याहत्तरने फिरवली तर तो पांढरी एकमध्ये गातो. सव्वातीन मिनिटांचं गाणं जवळजवळ साडेतीन मिनिटांचं होतं, तान सुस्तावते, आवाज जाड होतो. उलट केलं की तोच माणूस तरुण, चपळ आणि थोडा चिरका. जॅझवाल्यांचा अल्बम किंचित सरकला होता, इथे अख्खी पट्टी बदलते. आणि पट्टी म्हणजे आपल्याकडे गायकाची ओळख.

काकांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या आहेत. त्याच रेकॉर्डिंगच्या दोन वेगवेगळ्या सीडीही त्यांनी घेतल्यात. एकीवर खरखर पार धुऊन काढलीय. पण खरखर राहते वरच्या स्वरांत आणि तंबोऱ्याच्या जवारीची झळाळीही तिथेच राहते. एक पुसायला गेलात की दुसरी पुसली जाते. वर खाँसाहेब पाण्याच्या टाकीतून गातायत असा भास. ‘ज्याने आयुष्यभर हीच सीडी ऐकली, त्याला किराणा घराण्याचा सूर असाच वाटणार,’ काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कॉलेजकुमाराने फोन खाली ठेवला.

खरी भीती तीच आहे. स्ट्रीमिंगवर नवं रिमास्टर आलं की जुनं व्हर्जन अनेकदा गुपचूप गायब होतं, तुम्हाला विचारत कुणी नाही. मूळ टेप कुठेतरी सुरक्षित असेल असं आपण गृहीत धरतो. २००८मध्ये हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या गोदामाला आग लागली आणि तिथे मास्टर टेप्स किती जळल्या याची चर्चा जगात सुरू झाली ती थेट २०१९मध्ये. टेपच्या आधीच्या काळाचं तर बोलायलाच नको. कितीतरी ७८ तबकड्यांचं मूळ आज उरलेलं नाही. काकांच्या कपाटातली लाखेची, एका धक्क्याने तुटणारी चकती हीच मास्टर.

म्हणून सध्या ते एकेक तबकडी कॉम्प्युटरवर घेतायत. एलपीची सुई तिथे चालत नाही, ७८ची खाच रुंद, तिला पाऊण-शतक मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते, एलपीच्या तिप्पट. आधी एक कच्ची प्रत, खरखरीसकट, काहीही न काढता. ती कधीच बदलायची नाही. मग हवी तर दुसरी, साफ केलेली. ‘माझे कान उद्या चुकीचे ठरले तर पुढच्याला परत पहिल्यापासून करता आलं पाहिजे,’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

प्रत्येक तबकडीच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते. सुई कोणती, वेग किती, पट्टी कोणती. पट्टी ते साथीच्या पेटीवरून आणि त्याच गायकाच्या इतर तबकड्यांवरून ठरवतात. जुन्या पेट्यांचा सूरही सगळीकडे सारखा नव्हता, त्यामुळे अंदाज कधीच शंभर टक्के नसतो. मी सहज चाळल्या त्यातल्या तीन चिठ्ठ्यांवर वेगापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. पुढच्या रविवारी कॉलेजकुमाराला त्यांनी आजीची पेटी घेऊन बोलावलंय. रिमास्टर परत करायला दुकानात जायचंय म्हणून तो उशिरा येणार आहे.