तळ्यातलं पाणी कुणी नेलं? मोटारीवर संशय घेण्याआधी उन्हाचा हिशोब मांडा

कर्जत : मे महिना उजाडला की कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे तालुके. त्यातला बराचसा उल्हास आणि पाताळगंगेतून खाडीला जातो, थोडा गावतळ्यांत उरतो. तोही आटला की पारावर एकच विषय, रात्री मोटार कुणी लावली? मोटारी लागत नाहीत असं नाही. पण सगळ्यात मोठा उपसा दिवसाढवळ्या होतो आणि तो ऊन-वारा करतात.

हिशोब सोपा आहे. एका गुंठ्यावरचं १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर. आपल्या भागात हिवाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ३-४ मिलिमीटर उतरते, एप्रिल-मे मध्ये ५ किंवा त्याहून जास्त, असं ढोबळ धरू. मग एक एकराचं तळं उन्हाळ्यात रोज २० हजार लिटर हवेत सोडतं, म्हणजे दहा हजारी टँकर दोन. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने ते साडेतीनशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. आणि आपल्याकडच्या फार्महाऊसांचं बघायचं तर २० बाय ४० फुटांचा स्विमिंग पूल रोज साडेतीनशे लिटरच्या वर उडवतो. ती तूट बोअरवेलमधूनच भरली जाते, हे वेगळं सांगायला नको.

आता खरा मुद्दा. ऑक्टोबरअखेर ते मेअखेर या सात महिन्यांत मिळून साधारण एक मीटर, म्हणजे तीन-सव्वातीन फूट पाणी नुसतं वाफ होऊन जातं. गाळ साचून तळं तीन फुटांवर आलं असेल, तर कुणी हंडाभर पाणी नाही काढलं तरी ते मे मध्ये कोरडं पडणार. तेच तळं रुंद करून दोन एकर केलं तरी कोरडं पडायची तारीख बदलत नाही. फक्त दुप्पट पाणी उडतं. पण दहा फूट खोल असेल, तर उन्हाचे तीन फूट वजा जाऊन सात फूट वापराला आणि झिरपायला उरतात. वाफ पृष्ठभागावरून होते, खोलीशी तिचं देणंघेणं फारसं नाही.

म्हणून ग्रामसभेत तळ्याच्या कामाचं अंदाजपत्रक आलं की आधी बघा, पैसा रुंदीकरणावर आहे की गाळ काढण्यावर? रुंदीकरण फोटोत छान दिसतं. गाळ काढतानाही एक सांभाळा. तळाचा चिकणमातीचा थर फोडून जेसीबी मुरुमात घुसला, तर वाफेतून वाचवलेलं पाणी खालून जाईल.

तळं गळतंय की उडतंय हे घरचा टप वापरूनही कळतं. काठाजवळच्या उथळ पाण्यात मोठा टप दगडांच्या आधाराने बसवा. आत तळ्याइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा आणि आत-बाहेर दोन्हीकडे खूण करा. गुरं आणि पोरं लांब ठेवा. पाच-सहा दिवसांनी मोजा. टपातलं उतरलं ती वाफ. तळं त्याहून जास्त उतरलं, तर वरचा फरक गळतीचा किंवा उपशाचा. मग खुशाल मोटार शोधा.

टप जमिनीवर ठेवू नका, तो तापतो आणि आकडा फुगतो. हवामान केंद्रांवर चार फूट व्यासाचं बाष्पमापक पात्र असतं, पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी. त्याच्या आकड्यालाही साधारण ०.७ ने गुणूनच तलावाचा अंदाज काढतात.

मोठ्या धरणांच्या हिशोबात बाष्पीभवनाचा रकाना असतोच. आपल्या गावतळ्यांच्या नोंदीत तो सहसा नसतो. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, ग्रामपंचायतीने पत्र देऊन तिथे आकडे विचारायला काय हरकत आहे? तोवर काठावर फुटांच्या खुणा केलेला एक खांब रोवला आणि दर सोमवारी वहीत पातळी लिहिली, तरी पुढच्या १ मेच्या ग्रामसभेत बोलायला हातात काहीतरी असेल.