हिरड्यांबरोबर मनाचीही चौकशी करा

करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही गावात मिश्रीची डबी बाळगणाऱ्या बायका भेटतात. तंबाखू भाजायची, कुस्करायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. "मिश्री लावल्याबिगर काय सुधरत न्हाय," हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. निकोटिननं घटकाभर तरतरी येते, ती उतरली की पुन्हा डबी उघडते. तोवर हिरड्या मागे सरतात, दात हलू लागतात. मन सावरायला जे लावलं, तेच तोंड पोखरतं.

बर्मिंगहॅम विद्यापीठानं 2021 मध्ये हिरड्यांच्या आजाराच्या 64,379 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पुढे मानसिक आजार जडण्याचा धोका त्यांच्यात इतरांपेक्षा 37 टक्के जास्त आढळला. एकामुळेच दुसरा होतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण हिरड्या आणि मन यांच्यातली ये-जा समजण्यासारखी आहे. हिरड्यांतली जुनाट सूज रक्तावाटे शरीरभर परिणाम करते. तोंडाला वास येतो म्हणून माणूस चारचौघांत बोलायचं टाळतो. उलट, उदास माणसाला ब्रश हातात घेणंही जड जातं, तंबाखू वाढते, आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं.

तरीही दातांचा डॉक्टर मनाबद्दल विचारत नाही आणि मनाचा डॉक्टर तोंड उघडायला सांगत नाही. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात हे दोन्ही विभाग असतात, तर एकाकडून दुसऱ्याकडे चिठ्ठी जायला अडचण कसली? नवी इमारत नको, वेगळा निधी नको. आशाताई तिशीपुढच्यांच्या आरोग्याची माहिती घेणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे आणि नैराश्याचे दोन प्रश्नही आहेत. त्या प्रश्नांना "हिरड्यांतून रक्त येतं का?" एवढा एक जोडावा आणि उत्तर 'हो' आलं तर रुग्णाला पुढं पाठवावं. तंबाखू सोड म्हणून रागावण्यापेक्षा ती का लागते, हे विचारणं अधिक उपयोगाचं.

वाचकांनीही सरकारची वाट बघत बसू नये. ब्रश करताना वरचेवर रक्त येत असेल, तर दुखायची वाट न पाहता दात साफ करून घ्या. आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीतूनही बोलता येतं.